पंचायत राज्याच्या इतिहासात औंधला जागा द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

महाराष्ट्रातील पंचायत राज्याच्या वाटचालीविषयी आपल्या दैनिकात नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. बलवंतराय मेहता समिती, वसंतराव नाईक समिती, १९६१ चा कायदा आणि १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा हा क्रम लेखकाने नेमकेपणाने मांडला आहे. मात्र त्याच्या २३ वर्षे आधी आजच्या सातारा-सांगली भागातील एका संस्थानाच्या राजाने आपली सत्ता कायदा करून गावांच्या स्वाधीन केली होती, याचा उल्लेख त्यात कोठेही नाही. आटपाडी भागात अनेक वर्षे शिक्षक म्हणून काम केल्यामुळे ही उणीव मला विशेष जाणवली.

औंध संस्थान अवघ्या ७२ गावांचे होते, आणि तीही सलग नव्हती. राजधानी औंध आज खटाव तालुक्यात येते, आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात गेले, तर गुणदाळ कर्नाटकात राहिले. १९०९ मध्ये गादीवर आलेल्या श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये प्रजेला स्वराज्य देत असल्याची घोषणा केली आणि १९३९ च्या जानेवारीत नवी राज्यघटना अमलात आली. तिच्या मसुद्याला महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि भारतानंद या नावाने ओळखले गेलेले पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी खपून काम केले. गावाने आपले पंच निवडावेत, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिती व्हावी आणि तालुक्यांतून संस्थानच्या विधिमंडळात प्रतिनिधी जावेत, अशी ती रचना होती. सत्तेचा पाया गावात ठेवून तिची बांधणी वरच्या दिशेने करण्याचा हा प्रयत्न शेजारच्या ब्रिटिश मुलखातही त्या वेळी झालेला नव्हता. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना भिंतीशिवाय, शेती करत राहता येईल अशी वसाहत उभी राहिली. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची मूळ प्रेरणा हीच वसाहत होय. चित्रपट सर्वांना ठाऊक आहे. वसाहत कोणत्या राज्याने वसवली, हे मात्र क्वचितच कोणी सांगू शकतो.

हे औदार्य एकाएकी उपजलेले नव्हते, म्हणून औंधची राजकीय कहाणी तिथल्या उद्योगापासून आणि कलेपासून तोडून सांगता येत नाही, असे माझे मत आहे. १९१० मध्ये बेळगावातील जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना याच राजाने कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन निवडुंगाने माजलेली आणि ओसाड होती. हाती घेतलेला माल म्हणजे लोखंडी नांगर, आणि लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. अशा उद्योगावर एका लहान संस्थानिकाने विश्वास टाकला. त्या माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीने पुढे नांगराबरोबर ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवली. कारखान्याच्या आवारातून निघालेल्या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाच्या विचारांना वळण लावावे, असे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

स्वतः राजे चित्रकार आणि कीर्तनकार होते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. १९३५ च्या इंदूर येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वेदांचे अभ्यासक पं. सातवळेकर यांचे स्वाध्याय मंडळ तीन दशके औंधातच होते. राजांनी उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर यांचे माता आणि बालकाचे शिल्प आहे, हे मुलांना दाखवताना मला दरवेळी नव्याने अप्रूप वाटे. पण हीच मुले, सहल आटोपून यमाईच्या डोंगरावरून उतरताना, आपल्या पणजोबांनी देश स्वतंत्र होण्याआधीच आपल्या गावचे पंच निवडले होते हे ऐकून थक्क होत. पाठ्यपुस्तकाने त्यांना ते सांगितलेले नसे.

हा प्रयोग जेमतेम नऊ वर्षे चालला आणि ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. इतक्या थोड्या काळावरून त्याच्या यशापयशाचा निवाडा करणे घाईचे ठरेल, हे मान्य आहे. परंतु बेचाळीसच्या लढ्यात सातारच्या भूमिगतांना औंधच्या हद्दीतील गावांनी जो आसरा दिला आणि कुंडलसारखे गाव प्रतिसरकारचे ठाणे बनले, त्यामागे आपला कारभार आपण पाहण्याची या गावांना लागलेली सवयही असावी, असे मला वाटते. अभ्यासकांनी हा धागा तपासून पाहावा.

म्हणून दोन विनंत्या आहेत. शालेय पाठ्यपुस्तकांत पंचायत राज्याचा पाठ लिहिताना औंधच्या १९३९ च्या राज्यघटनेचा समावेश व्हावा. आणि श्रीभवानी संग्रहालयातील एक दालन या घटनेसाठी राखून, तिची कलमे आणि त्या काळातील पंचायतींची कागदपत्रे तेथे मराठीत वाचायला मिळावीत. त्या पंचायतींच्या आठवणी घरात ऐकलेली माणसे अजून या गावांत आहेत. त्यांच्याकडून त्या टिपून घेण्याचे काम याच वर्षी सुरू करता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, आटपाडी (जि. सांगली)