वरच्या मजल्यावरच्या ताईंना, महालातल्या डीटीपीवाल्याचं आभारपत्र

ताई, नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही "राहू द्या न काका" म्हणत जिना चढून जाता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. नाव टाकू नका म्हणालात, टाकत नाही. पण महालात कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावणारे माझ्यासारखे अजून बरेच आहेत, आणि तुम्ही सांगितलेलं त्यांच्याही कामाचं आहे.

दसरा जवळ आला की आमच्याकडे काय धांदल असते ते तुम्ही पाहिलंच. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथे जाणाऱ्या छोट्या पुस्तिकांचा मजकूर अगदी शेवटच्या घडीपर्यंत येत राहतो. आकार खिशात मावेल एवढा, तळटिपा ८ पॉइंटात, आणि माझ्यासमोर दोन जुने २४ इंची फुल एचडी मॉनिटर. डोळे चोळत बर्डीच्या बाजारात गेलो, तर एका दुकानदाराने ४के मॉनिटर (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा), त्यासाठी गेमिंगचं दांडगं ग्राफिक कार्ड आणि कार्डासाठी नवीन पॉवर सप्लाय अशी यादीच हातात ठेवली. ती घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही यादी बाजूला सरकवली. "काका, तुम्ही दिवसभर काय वाचून राहिले न, ते दाखवा आधी."

मी तळटिपांचं एक पान उघडलं. तुम्ही पडद्याजवळ वाकून एकाच शब्दावर बोट ठेवलंत. 'बुद्ध'. टाइप करून पाठवणारे कितीतरी जण 'बुध्द' असं पाठवतात, 'द'ला 'ध' जोडायचा तर 'ध'ला 'द' जोडतात. ते पकडणं हेच आमचं काम. पण त्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत होते, काळ्या मुंगीसारखे. मग तुम्ही माझ्या प्रुफाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडलात. २४ इंची फुल एचडीवर एका इंचात साधारण ९२ ठिपके. ८ पॉइंटाच्या अक्षराच्या वाट्याला उंचीत जेमतेम १०. तेवढ्यात वरची मात्रा, शिरोरेषा, जोडाक्षर आणि खालचा उकार, एवढं सगळं बसवायचं. २७ इंची ४के पडद्यावर इंचात १६३ ठिपके, म्हणजे तेच अक्षर १८ ठिपक्यांत. "तुमची नजर ठीक आहे काका, ठिपके कमी पडून राहिले."

झूम केलं की दिसतं, हे मलाही माहीत होतं. पण झूम केलं की पूर्ण पान दिसत नाही, आणि पान लावणाऱ्याला दोन्ही एकदमच लागतं.

पहिला मॉनिटर आला त्या संध्याकाळचं तर मी सगळ्यांना सांगत असतो. अक्षरं कोरल्यासारखी, पण माउस अडखळत, मागे रेंगाळत चाललेला. दुकानात फोन केला तर "४केवर असंच असतं." तुम्ही चपला दारात काढता काढता डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडायला लावलंत. तिथे ६०च्या जागी ३० हर्ट्‌झ. माझ्या जुन्या मदरबोर्डावरचं एचडीएमआय १.४ चं निघालं, आणि ते ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवू शकतं. शेजारीच डिस्प्लेपोर्टचं तोंड होतं, कितीतरी वर्षं प्लास्टिकचं बूच लावलेलं. तुम्ही वरून स्वतःची वायर आणलीत, बूच काढलंत, वायर खोचली. माउस सरळ पळायला लागला. नवीन काहीच विकत घ्यावं लागलं नाही.

दुसऱ्या ४केसाठी मात्र कार्ड लागणारच होतं, आणि तिथेही तुम्ही माझा खिसा सांभाळलात. "पानं लावायला गेमिंगचं कार्ड काऊन पाहिजे?" एखाद्या ऑफिसातून निघालेलं क्वाड्रो पी४०० शोधा म्हणालात. ३० वॅटचं, तीन मिनी डिस्प्लेपोर्ट असलेलं, पॉवर सप्लायला हात लावायची गरज नाही. त्यातही पंखा फिरतो का ते बघून घ्या, नागपूरचा मे महिना आहे, हे सांगायला विसरला नाहीत.

दोन्ही नवे पडदे एकाच मापाचे घ्या, हा तुमचा आग्रह तेव्हा मला चोचला वाटला होता. आता एक जुना मॉनिटर उजवीकडे मेल आणि व्हॉट्सॲपसाठी ठेवलाय, तर खिडकी तिकडे ओढताना अर्ध्या वाटेत आकार बदलते आणि माउस कोपऱ्यात अडतो, तेव्हा आग्रह कळतो. जुन्याची जागा सेटिंगमध्ये खालीवर सरकवून दिलीत, तेव्हापासून अडणं कमी झालं. स्केलिंगही, म्हणजे पडद्यावर सगळं किती मोठं दिसावं ते, तुम्हीच १७५ टक्क्यांवर नेलंत. १६३ला ९२ने भागून बघा म्हणालात, म्हणजे मेनूची अक्षरं पूर्वीएवढीच मोठी राहतील, फक्त स्वच्छ होतील. तसंच झालं.

राहिलं माझं पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर. त्याचा मेनू धुरकट दिसायचा. तुम्ही त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथून हाय डीपीआय सेटिंग, आणि 'सिस्टम (एन्हान्स्ड)' निवडलंत. अक्षरं निवळली. चित्रांची बटणं अजून धूसर आहेत, पण ती मला तोंडपाठ आहेत, त्यांचं काही नाही.

एवढं सगळं तुम्ही मिहानमधली ड्यूटी करून, रात्री जेवायच्या वेळेला केलंत. घरून आई दोनदा बोलवायला आली तरी "पाच मिनिटं" म्हणत बसून राहिलात. आमच्या धंद्यात काम वेळेवर झालं की कोणी विचारत नाही आणि अडलं की सगळे विचारतात. यंदा कोणीच विचारलं नाही, त्याचं श्रेय तुमचं आहे. मनापासून आभार.

आणि एक, डिस्प्लेपोर्टची ती वायर तुमचीच आहे आणि तिचे पैसे तुम्ही अजून घेतले नाहीत. पैसे आणि या वर्षीच्या पुस्तिकांच्या प्रती पाकिटात घालून आईजवळ देतोय. त्यांना परत पाठवायला सांगू नका.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा डीटीपीवाला काका
महाल, नागपूर