दोन शब्दांचं भांडण

म्युनिक, रविवार

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढा प्रोग्राम लिहिलास, मग त्याचं पेटंट का घेत नाहीस?" तेव्हा ट्राममध्ये होतो, आज निवांत लिहितो.

इथे इसार नदीकाठी युरोपियन पेटंट ऑफिस आहे. १९७३ च्या करारानुसार प्रोग्रामला ‘निव्वळ प्रोग्राम म्हणून’ पेटंट मिळत नाही. सगळी मेख त्या ‘निव्वळ’मध्ये, म्हणजे इंग्रजीतल्या ‘as such’ या दोन शब्दांत. वकील म्हणतो, हा नुसता प्रोग्राम नाही, याने यंत्रावर तांत्रिक परिणाम होतो. पटलं तर पेटंटची वाट मोकळी होते. आपल्या बांधाच्या दाव्यात ‘वहिवाट’ या एका शब्दापायी किती तारखा पडल्या, आठवतंय ना?

२००२ मध्ये युरोपियन संघाच्या कमिशनने यावर कायदा आणायचा घाट घातला. पुढच्या वर्षी युरोपियन संसदेने त्यात पेटंटला आळा घालणाऱ्या एवढ्या दुरुस्त्या केल्या की पेटंट हवं असणाऱ्या मोठ्या कंपन्याच नाराज! मग सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेने बहुतेक दुरुस्त्या उडवल्या. डिसेंबर २००४ मध्ये तर हा मसुदा शेती आणि मासेमारी मंत्र्यांच्या बैठकीत चर्चेविना संमत करून घ्यायचं ठरलं होतं. म्हणजे बोंबील-बांगड्याच्या यादीत कॉम्प्युटर! पोलंडचा मंत्री ब्रसेल्सला धावत आला आणि त्याने तो विषय काढायला लावला. पुढे मार्चमध्ये परिषदेने तो रेटलाच.

जुलैमध्ये स्ट्रासबर्गला संसदेसमोरच्या पाण्यात पेटंटवाल्यांची मोठी बोट आणि तिच्याभोवती विरोधकांच्या चिमुकल्या कयाक. माझ्या ऑफिसातला एक जुना सहकारी तेव्हा तिथे काठावर उभा होता. अजूनही हात वल्ह्यासारखे हलवून सांगतो. ६ जुलैला मतदान झालं: ६४८ विरुद्ध १४, मसुदा फेटाळला.

पण जिंकलं कोण? दुरुस्त्यांसह कायदा होण्यापेक्षा तो पडलेला बरा, असं शेवटी मोठ्या कंपन्यांनाही वाटू लागलं होतं. पेटंट ऑफिसची जुनी रीत तशीच चालू राहिली.

आपल्याकडेही २००४ च्या त्याच डिसेंबरात वटहुकूम काढून सॉफ्टवेअरला दार किलकिलं केलं होतं; डाव्यांनी हट्ट धरल्यावर २००५ च्या कायद्यातून ते कलम गळलं.

राहिला माझा प्रोग्राम. त्यात यंत्रावर परिणाम वगैरे काही नाही, फक्त गोदामाचा हिशेब आहे. कॉपीराइट आपोआप मिळतोच, तेवढं पुरे.

आईला सांगा, मेतकूट संपलं. आणि बांधावरच्या लिंबाला अण्णाकाका अजून हात लावू देत नाहीत का?

तुमचा,
धाकटा