आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरना जाहीर थँक्यू

सिस्टर, नमस्कार. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, उगाच वरून कोणी तुम्हालाच प्रश्न विचारायला नको, पण धाराशिवकडचं आपल्या भागातलं कोणी वाचलं तर त्याला बरोबर कळेल कोणाबद्दल चाललंय. जाऊबाईंच्या पिशवीच्या तोंडाचा रिपोर्ट चांगला आला हे फोनवर सांगितलं तेव्हा तुमच्याकडे लसीकरण चालू होतं, पोरं रडत होती, तुम्ही "बरं झालं, आता वर्षाने परत दाखवा" म्हणून फोन ठेवला. मला बोलायचं होतं बरंच, म्हणून इथं.

जाऊबाई आणि दीर दरवर्षी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात हे तुम्हाला माहितीये. अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची, तशीच मोळ्या उचलायची ती. शेवटी तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात दाखवलं, सोनोग्राफी झाली आणि डॉक्टर म्हणाले पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, पोरं झालीत ना, काढून टाका. ऑपरेशनला मुकादमाकडून उचल घ्यायचं घरात ठरलं पण होतं. आता यात नवल काही नाही, बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ ला केवढं गाजलं, सरकारने समिती नेमली, पण कॅन्सर हा शब्द काढला की आजपण आपल्याकडं बाई सही करून मोकळी होते, वर पाळीची कटकट गेली, खाडा पडणार नाही, खाड्याचा दंड नाही, म्हणजे काढलेली बरीच असं तिलाच वाटायला लागतं.

तुम्ही तेव्हा आमच्या ओट्यावर बसून जे बोललात ते मी आता दिसेल त्या बाईला सांगते. "पांढरं जातंय म्हणून कोणी पिशवी काढतं का, आधी गोळ्यांचा कोर्स करा, आणि कॅन्सरची भीती असेल तर पिशवीचं तोंड तपासू, त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही, नुसती बघावी लागते." आणि पुढे हळूच, "मी माझी पण करून घेतलीय." सिस्टर, खरं सांगू, जाऊबाई तयार झाली ती या शेवटच्या वाक्याने. या तपासणीचं पोस्टर उपकेंद्राच्या भिंतीवर कधीचं आहे, त्याच्याखाली बसून आम्ही बीपी मोजून घ्यायचो.

टेस्टच्या दिवशी मी पण करून घेतली. खिडकीला तुम्ही बेडशीट अडकवली, शिपायाला बाहेर पाठवलं, आणि ते स्टीलचं बदकाच्या चोचीसारखं आधी हातात दिलं, बघा म्हणाल्या, गार लागेल, श्वास सोडा. मग कापसाने ते ॲसिटिक ॲसिड लावलं, व्हिनेगरचाच प्रकार, जरा चुरचुरलं, मिनिटभर थांबलात, टॉर्च मारून बघितलं, झालं. माझं नॉर्मल. सासूबाईंना मात्र तुम्ही नाही म्हणालात, पन्नाशीनंतर ती जागा आत सरकते, यात नीट दिसत नाही, त्यांची पॅप टेस्ट करू, म्हणजे तिथल्या पेशी घेऊन लॅबला तपासायच्या. दुसरं कोणी असतं तर आकडा भरायला त्यांची पण उरकून टाकली असती.

जाऊबाईला पांढरा डाग दिसला. तुमच्या तोंडातून तेव्हा कॅन्सर शब्द आला नाही, "इथं थोडा बदल दिसतोय, तो कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आपण आधीच पकडलाय" एवढंच. पण दसरा तोंडावर, टोळी निघायची, आणि तुम्हाला पक्कं ठाऊक की ही एकदा कारखान्याला गेली की उन्हाळ्यापर्यंत हातात लागत नाही. तुम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यात स्वतः फोन करून नंबर लावला, आशाताई सोबत गेल्या, दुर्बिणीतून बघून तुकडा काढला, रिपोर्टला नुसता बदल निघाला, कॅन्सर नाही, मग थर्मल मशीनने तेवढीच जागा शेकली, भूल नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. नंतर काही आठवडे पाण्यासारखं जाईल, महिनाभर नवऱ्याला लांब ठेवायचं, हे दिराला तुम्ही समोर बसवून सांगितलंत, ते काम आमच्यापैकी कोणाच्याच्याने झालं नसतं. टोळी निघाली त्यात ती नव्हती, मागून गेली. मुकादम बडबडला. बडबडू दे.

"नर्सला काय कळतंय कॅन्सरमधलं" म्हणणारे आमच्या भावकीत पण आहेत. त्यांच्यासाठी सांगते, टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला, त्यात हीच व्हिनेगरची तपासणी डॉक्टरांनी नाही, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली, आणि २०१३ ला निकाल सांगितला तो असा की पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आणि आपला जिल्हा! उस्मानाबाद नाव होतं तेव्हा, १९९९ सालापासून, टाटा आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी इथल्या खेड्यांतल्या सव्वा लाखाच्या वर बायका घेऊन अभ्यास केला, एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने (ज्या विषाणूने हा कॅन्सर होतो त्याची तपासणी) मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, २००९ ला जगभर छापून आलं. पण सगळ्या देशात तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत कधीतरी या कॅन्सरची तपासणी झालेल्या दोनसुद्धा नव्हत्या, सरकारच्याच २०१९-२१ च्या सर्व्हेत आहे हे. आणि ती एचपीव्ही टेस्ट तुमच्या उपकेंद्रात अजून मिळत नाही याचा मला राग येतो, तुमच्यावर नाही, तुम्ही तर बेडशीट पण घरून आणता.

आशाताईंना पण थँक्यू सांगा, त्यांनी जिल्ह्याला दिवस घालवला तो त्यांच्या कुठल्या मोबदल्यात बसतो का माहीत नाही.

बाकी, जाऊबाई सीझनवरून आली की वर्षाच्या तपासणीला दसऱ्याआधीच आणते. तिच्या टोळीतल्या चार-पाच जणी पण म्हणतायत, त्यातल्या एकीला त्याच दवाखान्यात ऑपरेशनची तारीख दिलीय, तिला मी थांबवून धरलंय, तिला तेवढं आधी घ्या. आणि लाईट नसेल किंवा तुमची मीटिंग असेल तर सकाळीच फोन करा, रिक्षाचे पैसे वाया जातात.

तुमची,
वरच्या आळीतली शिवणकामवाली