निवृत्तीबद्दल विचारलंस म्हणून

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. ‘खेळता येईल, पण पूर्वीसारखं नाही, असं डॉक्टर म्हणतात. मग मी आता करू काय?’ यावर फोनवर बोलायला लागलं की पाच मिनिटांत आपण दोघी भलत्याच विषयावर जातो, म्हणून सावकाश लिहायला बसले. ‘जिद्द सोडू नकोस’ असं यात कुठेही लिहिणार नाही. गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झाल्यापासून भेटेल तो तुला तेच सांगतोय, आणि जिद्द कमी पडली म्हणून काही तुझं लिगामेंट तुटलेलं नाही.

आधी गुडघ्याचं. खेळायचं की थांबायचं हे ठरण्याआधी रिहॅब (ऑपरेशननंतरचे व्यायाम) पुरं कर, आणि थांबायचं ठरलं तरी ते अर्ध्यावर सोडू नकोस. एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या त्या लिगामेंटच्या, ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायचा धोका बराच जास्त असतो, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण हा गुडघा काही फक्त बॅडमिंटनपुरता नाही, त्याच्या जिवावर तुला अजून पुष्कळ वर्षं जिने चढायचेत. शिवाय वर्षानुवर्षं रोज दोन वेळा घाम काढलेलं शरीर एकदम बसवलं तर तेही कुरकुरतं. भूक खेळाडूची राहते, हालचाल मात्र बैठ्या माणसाची होते. झोप बिघडते, चिडचिड वाढते. तेव्हा सराव कमी करायचा तोही टप्प्याटप्प्यानं. त्याचा तक्ता फिजिओकडून लिहून घे, तोंडी नको.

आता तुझा मूळ प्रश्न. खेळाडूंनी संकटावर मात केल्याच्या गोष्टी आपण सगळेच जरा लवकर संपवतो, असं मला हल्ली वाटतं. कारोय ताकाचची गोष्ट तुला पाठ असेल. हंगेरीच्या सैन्यातला पिस्तूल नेमबाज. 1938 मध्ये लष्करी सरावात हातबॉम्ब हातातच फुटला आणि त्याचा उजवा हात, म्हणजे नेमबाजीचाच हात, निकामी झाला. त्यानं कोणाला न सांगता डाव्या हातानं सराव केला. 1940 आणि 1944 ची ऑलिम्पिक युद्धामुळे झालीच नाहीत. 1948 ला लंडनमध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी, त्यानं रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं आणि 1952 ला हेलसिंकीत पुन्हा. इथे टाळ्या पडतात आणि गोष्ट संपते. पण हेलसिंकीत त्याच प्रकारातलं रौप्य कोणाला मिळालं, हे सहसा कोणी सांगत नाही. ते मिळालं सिलार्द कुन या हंगेरीच्याच नेमबाजाला, आणि त्याला तयार करणारा होता ताकाच.

मला हा भाग जास्त मोलाचा वाटतो. उजव्या हाताला जे आपसूक जमत होतं ते डाव्याला शिकवायचं म्हणजे सगळं सुटं करून पाहणं आलं: श्वास कुठे धरायचा, बोट कधी दाबायचं, खांद्यावर किती भार. स्वतःला दुसऱ्यांदा शिकवलेल्या माणसाला दुसऱ्याला शिकवणं सोपं जात असणार. तूही आता तेच करते आहेस. एक पाऊल पुढे टाकून गुडघ्यात वाकायचं, हे तू लहानपणी कधी शिकलीस ते तुला आठवतही नसेल. आज मात्र तोच लंज आरशासमोर तुकड्यातुकड्यानं शिकतेस. टाच आधी, गुडघा बोटांच्या रेषेत, कंबर सरळ. हे ज्ञान तुझ्या कुठल्याच ट्रॉफीत नव्हतं.

रॉजर बॅनिस्टरचं उदाहरण वेगळं आहे. 1952 च्या ऑलिम्पिकमध्ये 1500 मीटरला तो चौथा आला, म्हणजे रिकाम्या हातानं परतला. 6 मे 1954 ला त्यानं एक मैल 3 मिनिटं 59.4 सेकंदांत धावून दाखवला. चार मिनिटांच्या आत ते अंतर कापणारा तो पहिला. त्या दिवशी सकाळी तो कुठे होता? लंडनमध्ये आपल्या हॉस्पिटलात, कारण तो वैद्यकीचा विद्यार्थी होता. तिथल्याच प्रयोगशाळेत त्यानं बुटांचे खिळे घासून अणकुचीदार केले आणि मग रेल्वेनं ऑक्सफर्ड गाठलं. त्याच वर्षाअखेरीस त्यानं स्पर्धा सोडल्या, तेव्हा तो होता अवघा 25 वर्षांचा. पुढचं आयुष्य मज्जासंस्थेचा डॉक्टर म्हणून काढलं, आणि त्या मैलापेक्षा आपल्याला या कामाचा अभिमान जास्त आहे, असं तो सांगत असे.

धावपटू विल्मा रुडॉल्फला लहानपणी पोलिओ झालेला, पायाला आधाराची पट्टी. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णं, 1962 मध्ये निवृत्ती, 1963 मध्ये शिक्षणशास्त्राची पदवी, आणि मग शिक्षिका. एरिक हायडननं 1980 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्पीड स्केटिंगची पाच सुवर्णं एकट्यानं नेली आणि नंतर तो हाडांचा सर्जन झाला. अमेरिकेच्या स्केटरांचे गुडघेही त्यानं तपासले. या सगळ्यांकडे पाहून मला एकच गोष्ट दिसते. पहिला धागा सुटायच्या आत दुसरा त्यांच्या हातात आलेला होता. कोणाच्या हातात पुस्तक, कोणाच्या हातात शिष्य. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी कोरा कागद घेऊन बसलेलं यांतलं कोणी नाही.

तू म्हणशील, माझ्या हातात कुठे काय आहे, माझा सगळा वेळ कोर्टवरच गेला. मला तसं वाटत नाही. पहिल्या ऑपरेशननंतर तू पाय लांब करून बाकावर बसायचीस तेव्हाचं आठवतंय मला. एक ज्युनिअर मुलगी मागच्या कोपऱ्यात प्रत्येक वेळी उशिरा पोचत होती. सगळे तिला ‘पाय उचल, पाय उचल’ म्हणून ओरडत होते. तू चांगला वेळ बघत राहिलीस आणि मग तिला बोलावून सांगितलंस, ‘तू शटलकडे बघतेस. समोरच्या रॅकेटकडे बघ. ती फटका मारते त्या क्षणी तुझी छोटी उडी झालेली हवी.’ मग स्टुलावर बसूनच तू तिला शटल टाकत राहिलीस. ती पोचायला लागली. त्या दिवशी तुला दुखत असणार, पण तू घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाहीस.

आणि तुझी ती वही! प्रतिस्पर्ध्यांच्या नावासमोर लिहिलेलं: ‘दमली की सर्व्हिस आखूड’, ‘19 नंतर क्रॉस खेळत नाही’, ‘बॅकहँडला दोनदा टाक, तिसरा वर येतो’. हे तू स्वतःसाठी लिहीत होतीस. मोठे संघ याच कामासाठी पगारी माणसं ठेवतात, त्यांना परफॉर्मन्स अ‍ॅनालिस्ट म्हणतात. व्हिडिओ कापण्याचं आणि आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकावं लागेल, ते शिकता येतं. सामना वाचण्याची नजर मात्र अशी कोर्सला जाऊन मिळत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की गुण मोजले जात नव्हते तेव्हा तू खेळातलं काय करत होतीस ते आधी बघ. जिंकण्याची चटक कुठल्याच नोकरीत भागणार नाही, तिच्या मागे लागलीस तर प्रत्येक काम फिकं वाटेल.

कोचिंग जवळचं आहे म्हणून आपोआप तिकडे वळू नकोस. गोपीचंद सरांचं उदाहरण तुमच्या खेळात सगळे देतात. 1994 मध्ये गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाल्या, तरी 2001 ला ऑल इंग्लंड जिंकली. मग घर गहाण ठेवून अकॅडमी उभी केली, 2008 मध्ये ती सुरू झाली, 2012 ला सायनाचं कांस्य आणि 2016 ला सिंधूचं रौप्य. भारावून टाकणारं आहेच. पण मधली वर्षं कशी गेली असतील याचा विचार कर: पहाटेपासून दुसऱ्यांच्या चुका, तीच चूक हजारदा, आणि टाळ्या मुलींना. ते तुला आवडेल का? प्रामाणिकपणे सांग, मला नव्हे, स्वतःला. आवडणार नसेल तर अंपायरिंग आहे, फिजिओथेरपी आहे (वर्षं जातात, पण तुझा अनुभव तिथे वाया जाणार नाही), स्पर्धांचं आयोजन आहे. किंवा खेळाबाहेरचं काहीही. ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) अंतिम फेरी धावली, दहावी आली, आणि पुढे उपजिल्हाधिकारी झाली. खेळ सोडून दुसरीकडे जाणं म्हणजे खेळाशी बेइमानी, असं तुमच्यात कोणीतरी पसरवून ठेवलंय. ते साफ खोटं आहे.

हेही खरं, की गोष्टी पुढे गेलेल्यांच्याच सांगितल्या जातात. खाशाबा जाधवांनी 1952 ला ऑलिम्पिक पदक आणलं, 1955 ला ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. पदक बघून कोणीतरी आपलं पुढचं बघेल, यावर विसंबू नकोस.

अजून एक. तुला आतून रिकामं वाटतंय, आणि ते ‘आपण हरलो’ म्हणून वाटतंय अशी तुझी समजूत दिसते. अभिनव बिंद्रानं 2008 मध्ये सुवर्ण जिंकलं, त्यानंतरच्या पोकळीबद्दल तो उघडपणे बोललाय. जलतरणपटू मायकल फेल्प्सकडे 28 ऑलिम्पिक पदकं आहेत, आणि त्यानंही नैराश्याबद्दल जाहीर सांगितलंय. आता तो मानसिक आरोग्यावरच काम करतो. तेव्हा हे हरल्याचं लक्षण नाही. लहानपणापासून ‘खेळाडू’ एवढी एकच ओळख असली की ती ढळताना असं होतं, आणि अचानक, मनाविरुद्ध थांबावं लागलं की जास्तच होतं. रडू आलं तर रड. पण झोप उडालेलीच राहिली, सकाळी उठावंसं वाटेनासं झालं, तर क्रीडा मानसशास्त्रज्ञाकडे जा. फिजिओकडे जाताना तू लाजत नाहीस, मग इथे कशाला?

लगेच काही ठरवायला नको. पुढच्या महिन्यात ज्युनिअर शिबिराला मदतीला बोलावलंय ना, तिथे जाऊन बघ. मानधन किती ते आधी विचार, ‘आपल्याच मुली आहेत’ म्हणून फुकट राबू नकोस. शिबिरात रोज संध्याकाळी दोन ओळी लिही, दिवसातला कुठला तास पटकन गेला आणि कुठला संपता संपत नव्हता. आणि ओळखीच्या एखाद्या अ‍ॅनालिस्टजवळ दोन दिवस नुसतं बसून बघ.

बाकी, सगळी प्रमाणपत्रं आणि निवडीची पत्रं स्कॅन करून ठेव, कुठलाही अर्ज भरताना लागतात. या मोसमात उतरणार नाहीस हे निवड समितीला कळवायचं आहे, ते पत्र तू लिहिणार की बाबांनी मसुदा करायचा, असं ते विचारतायत. तूच लिही. त्यांनी सुरुवात केली आहे आणि पहिलं पान अजून तुझ्या शाळेच्या स्पर्धांवरच आहे.

तुझी,
आई