निषिद्ध नक्की कुणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतले रोमन-ड्रुइड प्रेमकादंबऱ्यांवरचे अर्धे पान वाचले. (ड्रुइड म्हणजे प्राचीन ब्रिटन आणि गॉलमधले, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचे, पुरोहित.) रात्रीपर्यंत गप्प बसलो होतो. सकाळी चहाच्या वेळी पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा सौ. म्हणाली, 'मला काय सांगता, त्यांना लिहा.' म्हणून लिहितो.

अशा कादंबऱ्या मी आवडीने वाचतो, हे आधी सांगतो. धुके, ओकची झाडे, थोडी जादू, चिलखतातला देखणा शिपाई. दुपार बरी जाते. पण आपल्या परीक्षकांनी 'प्रत्येक तपशील इतिहासाच्या कसोटीवर उतरतो' असे बिनदिक्कत ठोकून दिले आहे. ही कसोटी कुठल्या सोनाराकडची, ते कळले तर बरे होईल.

इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचे सोडून देतो. ते मोठे दगड उभे राहिले त्यानंतर जवळजवळ दोन हजार वर्षांनी ड्रुइडांचे नाव ऐकू येते. अठराव्या शतकात विल्यम स्टुक्ली नावाच्या पाद्र्याने दोघांची गाठ पक्की बांधून दिली आणि ती आजतागायत सुटलेली नाही. त्यात आपल्या पुरवणीने आणखी एक फेरा मारला, इतकेच.

वेल्सजवळच्या मोना बेटाच्या किनाऱ्यावर त्यातल्या एका कादंबरीची नायिका शुभ्र वस्त्रात उभी आहे, त्याचे परीक्षकांनी भारी कौतुक केले आहे. रोमनांनी त्या बेटावर चढाई केली त्या दिवसाचे वर्णन रोमन इतिहासकार टॅसिटसने केले आहे. रोमन सेनापती सुएटोनियस पॉलिनसचे पायदळ सपाट बुडाच्या होड्यांतून उतरत होते आणि समोर बायका होत्या त्या काळ्या कपड्यांत, केस मोकळे सोडून, हातात पेटते पलिते घेऊन. ड्रुइड आकाशाकडे हात करून शिव्याशाप देत होते. रोमन शिपाई काही वेळ थिजून उभे राहिले, आणि मग व्हायचे ते झाले. पांढरे कपडे रोमन लेखक प्लिनीकडून आले आहेत. तिथे ते अंगावर आहेत पुरोहिताच्या, जो सोन्याची कोयती घेऊन ओकवर चढतो आणि बांडगूळ कापतो. बुवाचा अंगरखा बाईला घातला आणि त्याला म्हणे अस्सलपणा!

पण माझी खरी तक्रार रोमन शिपाई आणि ड्रुइड नायिका यांच्या त्या 'निषिद्ध' प्रेमाबद्दल आहे. नायिकेने आजन्म कौमार्याचे व्रत घेतले आहे आणि ते 'प्राचीन ड्रुइड परंपरेनुसार' आहे, असे परीक्षण सांगते. कुठली परंपरा? आपल्याला नावानिशी ठाऊक असलेला एक खराखुरा ड्रुइड म्हणजे गॉलमधल्या एडुई जमातीचा डिव्हिशियाकस. तो रोमला आला होता, प्रसिद्ध वक्ता सिसेरोला भेटला होता, सीझरचा मित्र होता. त्याला मुलेबाळे होती. ती मी ओलीस दिली नाहीत, असे तो सीझरला सांगतो, आणि सीझरनेच ते लिहून ठेवले आहे. वीस वीस वर्षे पाठांतर करणाऱ्या, कर न भरणाऱ्या, लढाईला न जाणाऱ्या या मंडळींबद्दल सीझरने बरेच लिहिले, पण ब्रह्मचर्याचा शब्द नाही. कौमार्यव्रत मोडले म्हणून जिवंत पुरायची चाल होती ती रोममध्ये, व्हेस्टा देवीच्या पुजारणींसाठी. ती उचलून गॉलच्या जंगलात रुजवली नाटक-संगीतवाल्यांनी. 1831 साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात बेल्लिनीचा 'नोर्मा' हा ऑपेरा झाला. त्यात ड्रुइडांची पुजारीण, तिचे मोडलेले व्रत आणि रोमन अधिकाऱ्यापासून झालेली दोन मुले आहेत. आपल्या परीक्षकांची प्राचीन परंपरा साधारण तेवढी प्राचीन आहे.

आता गंमत पाहा. लग्नाची बंदी खरोखर होती, पण ती त्या देखण्या शिपायावर. रोमन फौजेतल्या साध्या शिपायाला नोकरीत असेपर्यंत कायदेशीर लग्न करता येत नसे, ड्रुइडाच्या मुलीशीही नाही आणि रोमन मुलीशीही नाही. नोकरी वीस-पंचवीस वर्षांची. छावणीबाहेर संसार थाटले जात, मुले होत, पण कायद्याच्या लेखी ती अनौरस. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने ही बंदी उठवली ती इ.स. 197च्या सुमारास. कादंबरीचा नायक पाचशे पानांत एकदाही ही अडचण काढत नाही. नायिकेच्या व्रतावर मात्र अश्रू ढाळतो.

हे मी इतक्या पोटतिडकीने लिहितो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला (नाव घेत नाही, अंक अजून निघतो) मी एक कथा दिली होती. इंग्लंडच्या उत्तरेला साउथ शील्ड्स इथे दुसऱ्या शतकातला एक स्मृतिशिळेचा दगड सापडला आहे. रेगिना नावाच्या बाईचा. ब्रिटनमधल्याच कॅटुवेलॉनी जमातीची, वय तीस. सीरियातल्या पाल्मिराहून आलेल्या बाराटेसने तो उभारला. ती आधी त्याची दासी. तिला मुक्त करून त्याने तिच्याशी लग्न केले. दगडावर ती खुर्चीत बसली आहे, जवळ सूतकताईचे सामान आणि लोकरीची टोपली. लेख लॅटिनमध्ये, आणि खाली एक ओळ त्याच्या स्वतःच्या लिपीत: बाराटेसची मुक्त केलेली रेगिना, हाय! लॅटिन वाचणाऱ्यांच्या गावात ही ओळ त्याने कुणासाठी कोरली असेल? आणि विकत घेतलेल्या बाईला 'नाही' म्हणायची सोय कितपत असते? माझी कथा एवढीच होती. जादू नाही, लढाई नाही.

संपादकांचा फोन आला, 'सर, छान आहे, पण यात निषिद्ध काय आहे?' मी म्हटले, वाचा म्हणजे कळेल. त्यांनी वाचली की नाही ठाऊक नाही. अंक हातात आला तेव्हा रेगिना ड्रुइड प्रमुखाची कन्या झाली होती, बाराटेसचा रोमन सेनापती झाला होता आणि शेवटी दोघे चितेवर चढले होते. ब्रिटनमधल्या ड्रुइडांचा मागमूस लागेनासा होऊन तोवर दोन-तीन पिढ्या उलटल्या होत्या, पण अंकात ते ठणठणीत. चित्रात स्टोनहेंज! वर माझे नाव, ठळक टायपात. नातलगांचे फोन आले, 'शेवट काय जबरदस्त केलात!' मानधन म्हणून अंकाच्या दोन प्रती मिळाल्या. त्यातल्या एकीत राशिभविष्याची पाने दोनदा होती.

म्हणून परीक्षकांना विनंती की कल्पनारम्य कादंबरीला कल्पनारम्यच म्हणा, तिचे काही बिघडत नाही. इतिहासाचा दाखला द्यायचाच असेल तर मोना बेटावरच, आजच्या अँगलसीवर, 1940च्या दशकात विमानतळ बांधताना तळ्यातून निघालेली लोखंडी साखळी पाहा. कैद्यांच्या गळ्यात घालायची ती साखळी इतकी शाबूत होती की कामगारांनी ती रुतलेली वाहने ओढायला वापरली. ती रोमनांनी आणलेली नव्हती, बेटावरच्या लोकांच्याच देवाला वाहिलेली होती. तिच्यावर कुणी कादंबरी लिहिली तर मी विकत घेईन, ग्रंथालयातून आणणार नाही.

जाता जाता आणखी एक. त्याच पानाच्या मागे शब्दकोडे असते. या वेळी फ्लॅटच्या जाहिरातीने त्याच्या उभ्या शब्दांची शेवटची चार सूत्रे गिळली आहेत. उत्तर पुढच्या रविवारी छापाल तेव्हा निदान ती चार सूत्रेही छापा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज