144 वरची रेघ

भुसावळ

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. तुझ्या संगणकाला लावायच्या रेडिओ डोंगलबद्दलचा मेसेज वाचला. 'स्क्रीनवर रेघ बरोबर 144.000 मेगाहर्ट्झवर दिसते, म्हणजे क्रिस्टल ठीक आहे; मग मेटिओर या हवामान उपग्रहाचा फोटो का येत नाही?' हे दोन ओळींत सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

ती रेघ विसर. तुझ्या डोंगलमध्ये 28.8 मेगाहर्ट्झचा एकच क्रिस्टल (ताल देणारा स्फटिक) आहे आणि सिग्नलचे आकडे करणारी आरटीएल2832यू चिप काय, फ्रिक्वेन्सी धरणारा आर820टी2 ट्यूनर काय, दोघं त्याच्याच जिवावर चालतात. 28.8 ला 5 ने गुण. आले ना 144? अँटेना काढून ठेव, तरी रेघ बहुतेक तिथेच असेल. क्रिस्टल सरकला की रेघ सरकते आणि मोजायची पट्टीही तेवढीच सरकते. सॉफ्टवेअरमधलं करेक्शन शून्यावर असेपर्यंत ती 144.000 सोडून कुठं जाणारच नाही. चोरालाच पंच नेमलंस की रे! 57.6, 86.4 आणि 115.2 वर रेघा दिसल्या तर त्याही त्याच घरच्या.

साक्षीदार बाहेरचा हवा. सगळ्यात सोयीचा म्हणजे 900 मेगाहर्ट्झ बँडवरचा टूजी मोबाइल टॉवर. त्याची फ्रिक्वेन्सी 0.05 पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) आत ठेवावी लागते, आपल्या कामाला तेवढं रग्गड झालं. टॉवर अधूनमधून कॅरिअरच्या, म्हणजे त्याच्या मूळ लहरीच्या, 67.7 किलोहर्ट्झ वर एक सरळ सूर सोडतो. कॅलिब्रेट नावाचा प्रोग्रॅम तो पकडतो आणि तुझी चूक पीपीएममध्ये सांगतो. समजा 60 निघाली. मेटिओरच्या 137.9 मेगाहर्ट्झवर ती सव्वाआठ किलोहर्ट्झ होते, टॉवरच्या 940 वर छप्पन्नच्या पुढे. चूक अशी फ्रिक्वेन्सीबरोबर वाढत गेली तर दोष क्रिस्टलचा. सगळीकडे तेवढेच किलोहर्ट्झ येत असतील तर क्रिस्टलला हात लावू नको, सॉफ्टवेअरमधला ऑफसेट (ठरावीक सरक) तपास. पीपीएमचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरल्यावर चूक दुप्पट झाली तर घाबरू नको, उणे-अधिक उलटं कर. प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत निराळी.

जळगावचं एफएम स्टेशन स्वच्छ लागतं हा तुझा पुरावा मी मानत नाही. एफएम स्टेशन इतकं रुंद असतं की पाच-सहा किलोहर्ट्झची चूक कानाला कळतही नाही.

आता उन्हाचं. तू डोंगल गच्चीवर पत्र्याच्या खोलीत ठेवतोस, तेही मे महिन्यात, आपल्या खान्देशात! साधा क्रिस्टल तापला की सरकतो. सकाळी काढलेला आकडा दुपारी चालत नाही तो त्यामुळेच. डोंगल खाली धाब्याच्या खोलीत आण, वीसेक मिनिटं चालू राहू दे, मगच मोज. मग अँटेनापर्यंत कोअ‍ॅक्स केबल लांब लागेल, तिच्यात सिग्नल थोडा पडतो, पण 137 वर तेवढं चालतं. माझं विचारशील तर टीसीएक्सओवालं (तापमानाची चूक भरून काढणाऱ्या क्रिस्टलचं) डोंगल घेऊन टाक, 1 पीपीएमच्या आसपास राहतं आणि रोजची कटकट मिटते.

'पीएलएल नॉट लॉक्ड' येतं म्हणालास, ते दुखणं वेगळं. तिथं ट्यूनरला ती फ्रिक्वेन्सी धरताच येत नाही. पीपीएम कितीही बदल, उपयोग शून्य. 1500 मेगाहर्ट्झच्या वर, चिप तापलेली असताना हे हमखास होतं. थर्मल पॅड लावून चिप धातूच्या डबीला टेकव. खालच्या फ्रिक्वेन्सीवरही येत असेल तर आधी यूएसबी हब काढ, केबल बदल. आणि फोटोत आडवे पट्टे तुटत असतील तर सॅम्पल (सिग्नलची मोजमापं) गळतायत का बघ, सॅम्पलचा रेट सेकंदाला 2.4 दशलक्षांवरून खाली आण.

एवढं करूनही उपग्रह येताना सिग्नल तीनेक किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढाच खाली दिसेल. तो उपग्रहाच्या वेगामुळे होणारा डॉप्लर आहे, त्याला दुरुस्त करत बसू नको, फोटो उलगडणारा डिकोडर सांभाळून घेतो.

टॉवरचा आकडा सकाळचा आणि दुपारचा, दोन्ही कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
भुसावळकर