स्पर्धेबाहेरच्या छायाचित्रांना अर्धे पान द्या

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

१९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाला आपल्या पुरवणीत वाचकांच्या स्पर्धेतले फोटो येतात. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली वारकरी आजी, धुक्यातला राजगड, भिगवणचे फ्लेमिंगो. फोटो देखणे असतात आणि त्यांच्यामागे पहाटेची पायपीटही असते. पण एका माणसाचा एकच फोटो, खाली नाव आणि गाव, एवढ्यातच छायाचित्रण आटोपते असा समज त्यातून पक्का होतो. म्हणून हे पत्र.

मी निवृत्त चित्रकला शिक्षिका. आमचा लहानसा छायाचित्र गट महिन्यातल्या एका रविवारी एका सदस्याच्या शिकवणीच्या खोलीत जमतो. तिथे गुण नाहीत, क्रमांक नाहीत. ज्याने त्याने आपले चालू काम आणायचे, बहुतेक वेळा अर्धवटच, आणि साधे प्रिंट सतरंजीवर मांडायचे. ज्याचे फोटो, तो आधी गप्प बसतो. बाकीचे बोलतात.

आमच्यातला एक जण एसटीत वाहक आहे. मुक्कामी गाडी रात्री जिथे थांबते, तिथले फोटो तो काढतो. देवळाच्या ओवरीत बांधलेली मच्छरदाणी, खिडकीशी चार्जिंगला लावलेले तिकिटाचे मशीन, पहिल्या फेरीसाठी अंधारात उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुली. काही फोटो हललेले आहेत. स्पर्धेत एकही टिकणार नाही. ओळीने पाहिले की मात्र प्रवाशाला कधीच न दिसणारी वाहकाची रात्र समोर उभी राहते.

दुसऱ्या एका सदस्य बाईंच्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांच्यासाठी घरभर लावलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो त्या काढतात: ‘चहा झाला आहे’, ‘आज बँक बंद’. वडील बँकेतून निवृत्त झालेले, पण रोज सकाळी कामावर निघतात. एका फोटोत ते बेसिनपाशी अर्धवट कपड्यांत उभे आहेत. हाच सगळ्यांत खरा फोटो, असे काहींचे म्हणणे पडले. मी विरोध केला. ज्यांना आज होकार किंवा नकार देता येत नाही, त्यांना त्या अवस्थेत चारचौघांपुढे मांडू नये, असे मला वाटते. बाईंनी तो प्रिंट उचलून पिशवीत ठेवला, पण मालिकेतून काढलेला नाही, आणि आमचा वादही मिटलेला नाही. असा वाद परीक्षकाच्या गुणपत्रिकेत कुठे बसणार?

हे काही नवे खूळ नाही. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. अमेरिकेत निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणींचे एकत्र फोटो दरवर्षी घेतले, चाळीसहून अधिक वर्षे. त्यातला एखादा सुटा फोटो म्हणजे चार बायका उभ्या आहेत, इतकेच. पद्मश्री सुधारक ओलवे यांनी टिपलेले मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणेही एका फोटोत मावणारे नव्हे.

माझी विनंती एवढीच, की पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धे पान अशा कामाला द्यावे. एकाच व्यक्तीचे सहा-सात फोटो, तिने लावलेल्या क्रमाने, आणि सोबत तिच्याच शब्दांत थोडा मजकूर. फोटोत घरची किंवा ओळखीची माणसे असतील, तर त्यांची संमती घेतली आहे का, हे आपण जरूर विचारावे. बक्षीस नको. आमच्याच गटातले काम घ्या असा आग्रह मुळीच नाही. चाळीत, वस्तीवर, तालुक्याच्या गावी असे काम करणारे आणि ते कुणाला दाखवावे हे न कळणारे पुष्कळ असतील. तरी त्या वाहकाची मालिका एकदा पाहा. प्रिंट घेऊन कचेरीत यायला तो तयार आहे; फक्त त्याच्या सुटीच्या दिवशी बोलवा.

आपली,
एक वाचक, कसबा पेठ, पुणे